पाय टेकवत नाही

आई, तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि मी तुला आजवर एक ओळही लिहिली नाही. तू असतीस तर हे स्वयंपाकघरात सांगितलं असतं. तू पाठमोरी पोळ्या लाटत असलीस की तुझ्याशी खरं बोलणं मला सोपं जायचं.

काही महिने तो एक दिवस सारखा आठवतोय. मी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला, आणि तू उल्हासनगरच्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डची सिस्टर. तू विसरलेला डबा घेऊन मी येते, तर तू मला दंडाला धरून एका कॉटपाशी नेतेस. आठ महिन्यांची मुलगी, अंगात ताप, रडून रडून घसा बसलेला. "हात लावू नकोस. नुसती बघ," तू म्हणतेस. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात येतं की ती डाव्या पायाने लाथा झाडतेय आणि उजवा पाय वाकवून, बाहेर वळवून तसाच धरून ठेवलाय. लंगोट बदलताना तो पाय जरा हलला की किंचाळते. सकाळच्या राउंडला दात येताहेत असं ठरलं होतं. तू मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठून परत वर आणलंस. दुपारी तिच्या खुब्यात सुई घातली, पू आला, आणि लगेच तिला ऑपरेशनला नेलं. घरी येताना मी हरखून म्हणाले, "काय मस्त केस होती गं!" तू रस्त्यातच थांबलीस. "केस नाही ती. आणि मस्त काही नव्हतं त्यात. सांध्यात पू झाला की हाड आतून विरघळतं. आजचं उद्यावर गेलं तर पोर जन्मभर लंगडते. एक्स-रे सुरुवातीला साफच येतो, त्याचं ऐकू नकोस. मुलाचं ऐक." आणि तू भराभर पुढे चालू लागलीस.

गेल्या दिवाळीनंतर चामटोलीची एक बाई चार वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन माझ्या बदलापूरच्या दवाखान्यात आली. नवरा अंबरनाथच्या आनंदनगरला कंपनीत, त्याची सकाळची पाळी, म्हणून एकटीच. "मॅडम, कालपासून ताप हाय, आन् पाय टेकवतच नाय. परवा अंगनात पडली होती." बाहेर गर्दी होती. मी मुलीचा पाय हलवून बघायला गेले तर ती अशी ओरडली की मी सोडून दिला. एक्स-रे काढून आणायला लावला. साफ होता. मी म्हणाले, "मुका मार आहे, उतरेल," आणि तापाचं औषध आणि वर एक अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं. रक्त तपासलं नाही, सोनोग्राफी सांगितली नाही. तुझं बोलणं आठवलं नाही असं नाही, आई. आठवलं, आणि मी बेल दाबून पुढचा पेशंट आत घेतला.

सिरपने ताप थोडा उतरला म्हणून ते घरी थांबले. आजीने लचक समजून गरम तेलाने चोळलं. चौथ्या दिवशी आणली तेव्हा पोर रडतही नव्हती. मी माझ्याच गाडीत घालून तिला अंबरनाथ पूर्वेला हाडांच्या सर्जनकडे नेलं आणि ऑपरेशनला आत उभी राहिले. सांधा उघडताच पू उसळून बाहेर आला. सर्जनने वर न बघता विचारलं, "आधी कुणाकडे होती?" मी म्हणाले, "माझ्याकडे." तपासणीला पाठवलेल्या त्या पुवात लॅबमध्ये जंतू उगवलेच नाहीत, बहुधा माझ्या सिरपमुळे, त्यामुळे नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळेना. अंदाजाने इंजेक्शनं, मग कित्येक आठवडे गोळ्या. मुलगी वाचली. खुब्याचा गोळा मात्र जागेवर राहिला नाही. तो पाय आखूड झालाय आणि ती वाढेल तसा आणखी होत जाईल.

परवा त्या दोघी आल्या होत्या. मुलीच्या एका बुटाचा तळ जाड करून घेतलाय. तिची आई म्हणाली, "सासू चोळत होती, पन तेल मीच गरम करून दिलं. त्यानंच झालं ना, मॅडम?" मी म्हणाले, "स्वतःला दोष देऊ नका." किती समजूतदार वाक्य! ती वाकून माझ्या पाया पडली. "तुमी होता म्हनून पोर दिसतेय." मी तिला उठवलं, मुलीचं वजन केलं, पुढची तारीख दिली. दवाखान्याच्या तीन पायऱ्या ती पोर भिंतीला धरून, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत उतरली.

आज लिहायला बसले ते खरं तर त्या बाईलाच. मायना काय लिहावा तेच सुचेना, म्हणून वर 'आई' लिहिलं. तू उलटून काही विचारणार नाहीस, हे मला ठाऊक होतं.