तेलावर चुना धरत नाही

भिलाई, सेक्टर एक
९ नोव्हेंबर १९६१

चि. चंपतास गुलाबदादाचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ.

तुझं पत्र आणि पेपरचं कात्रण पोचलं. लंडनच्या पेपरात आपल्या घरचा माणूस! छाती शेगडीवरच्या भाकरीसारखी फुगली. मी प्लँटच्या भिंतींवर ‘खतरा’ लिहिणारा पेंटर, अन् तू माझाच ब्रश धरून शिकला. अर्धी शाबासकी इकडे पाठव.

चित्र पाहिलं तर आपलीच खोली! तीच खिडकी, तीच शेगडी, खुंटीवर वच्छलेचं लुगडं अन् खाली ती पाठमोरी. तुझी बायको आधी हसली. मग मले म्हणते, भाऊजी, माही पाठच कावून काढून राहिले ते, तोंड विसरले का? म्हणून दुर्गला नेऊन तिचा फोटो काढला. पावडर लावून कशी ताठ बसली आहे, पाहा. सोबत पाठवतो.

खोलीत नवीन काय, असं तू दर पत्रात विचारतोस. खिडकीजवळ भिंतीला टेकून ती तुझी वाट पाहते, तिथं केसांच्या तेलाचा डाग पडला. तीन वर्षांत बशीएवढा झाला. तिकडच्या थंडीसाठी तिनं स्वेटर विणून ठेवला आहे. तिला कधी नेतोस, तेवढं एकदा लिही.

लोभ आहे, तसाच राहू दे.

तुझा दादा,
गुलाबराव


लंडन
१ डिसेंबर १९६१

ती. दादास सा. जयभीम, वि. वि.

डागाची बातमी फार मोलाची. किती उंचीवर आहे, रंग कसा, संध्याकाळचा उजेड पडला की कसा दिसतो, सविस्तर कळवा. पुढचं चित्र त्याचंच.

फोटो परत करतो. तो समोर असला की हात चालत नाही. माझ्या चित्रातल्या बाईला चेहरा नाही, आणि खरं सांगायचं तर मला तो आठवतही नव्हता.

वच्छलेला इकडे आणायचं नाही, दादा. ती इथं आली की ती खोली संपली, मग मी काढू काय? लोक मला त्या खोलीमुळेच ओळखतात. तिला तशीच खिडकीजवळ बसू द्या. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. पुढल्या वर्षी नेतो म्हणतो, एवढंच सांगत राहा.

आपली माया असावी.

आपला,
चंपत


भिलाई
७ जानेवारी १९६२

चि. चंपतास जयभीम.

वाचून दाखवायची पाळीच आली नाही. मी ड्यूटीवर होतो. पोस्टमनकडून पत्र तिनं घेतलं अन् तिनंच वाचलं. आपल्या हातानं पत्र लिहून तुला चकित करायचं म्हणून ती वर्षभर माझ्याजवळ गुपचूप अक्षरं शिकत होती. ‘खतरा’च्या ख-पासून सुरुवात केली होती आम्ही.

घरी आलो, तर ती डागावर नंदिनीच्या खाणीतला चुना फासून राहिली होती. एक हात झाला, दोन हात झाले, डाग पुन्हा वर. मी म्हटलं, बाई, तेलावर चुना धरत नाही. बस, तिनं उलथनं उचललं अन् विटेपर्यंत खरवडून काढलं. फोटो शेगडीत गेला. स्वेटर मले देऊन टाकला. बाह्या आखूड पडतात, तरी घालतो.

तू उंची विचारली होती, रंग विचारला होता. आता मोजायची गरज नाही. खरवडलेलं सारं तिनं याच पाकिटात भरलं आहे. म्हणते, लिहा त्यायले, पाहिजे तेवढं घ्या, मी आता भिंतीले टेकत नाही.

शेवटी सवयीनं मी ‘लोभ असावा’ लिहिलं होतं. तिनं हातातून पेन घेऊन ते खोडलं. अक्षर तिचं अजून गिरवायचं आहे. रेघ मात्र सरळ आली.

गुलाबराव