तळ्यावर आलेल्या डेमोइझेल

बाबा, तुम्ही तासन् तास उभे राहिला असतात अशी जागा आज पाहिली. इथे नेदरलँड्सच्या उत्तरेला एक राखीव दलदल आहे. नुसत्या पावसाच्या पाण्यावर शेवाळाचे थर साचत साचत ती भोवतालच्या शेतांहून उंच झाली आहे. दक्षिणेकडे निघालेले करकोचे शरदात तिथे मुक्कामाला उतरतात. साथीमुळे सगळं बंद, म्हणून ह्यांनी गाडी तिकडे काढली. भाजीच्या पिशवीचाही संशय यावा असे दिवस आहेत. मी मचाणावरसुद्धा मास्क लावून, शेजारच्या डच बाईंपासून दीड मीटर राखून उभी होते. थव्यातला एक करकोचा चरायचं सोडून, मान उंचावून सगळ्यांवर नजर ठेवत होता. “तुझा सख्खा भाऊ दिसतोय,” हे म्हणाले. तेवढ्यात त्या बाई इंग्रजीत म्हणाल्या, “भारतात ह्यांच्यातलेच लहान येतात ना? डेमोइझेल?” “कोण?” मी इतक्या जोरात विचारलं की बाई आणखी मागे सरकल्या. “डेमोइझेल क्रेन. करकोचाच, पण नाजूक.”

मी आठवीत आहे. आई पोळ्या लाटते आहे. तुम्ही ऑफिसात, आणि तुमच्या मित्राचं इंग्रजी पोस्टकार्ड माझ्या हातात: डेमोइझेल तळ्यावर आल्या आहेत, रविवारी नेहमीच्या जागी ये. सिस्टरनी फ्रेंचच्या तासाला शिकवलेला शब्द मी मिरवला. “म्हणजे लग्न न झालेल्या तरुण मुली.” आईचं लाटणं थांबलं. “किती?” “अनेकवचन आहे,” मी म्हणाले.

संध्याकाळी तुम्ही हसलात. “अगं, पक्षी आहेत ते!” “हल्ली पक्षी म्हणतात होय?” आई म्हणाली. “तूच बघ गं शब्दकोशात,” तुम्ही मला म्हणालात. मी आत गेले, शब्दकोश न उघडताच बाहेर आले. “मुलीच आहेत.” त्यानंतर तुम्ही तळ्यावर कधी गेला नाहीत. आई मात्र शेवटपर्यंत तुमचं टपाल आधी स्वतः बघायची.

आज घरी येऊन मी पक्ष्यांचं पुस्तक उघडलं, कारण त्या बाईंवरही माझा विश्वास बसेना. पक्षीच आहेत, बाबा. आईला हे सांगायला आता उशीर झाला, आणि हे पत्रही वहीतच राहणार, म्हणून लिहून टाकते. आईचा संशय त्या मुलींवर होता. माझा नव्हता. मला राग एवढाच होता की इतक्या रविवारांत तुम्ही मला एकदाही बरोबर नेलं नाहीत.