रजिस्टरात पळालेला उंदीर

बाई, तुम्ही गेल्यावर मी पुष्कळ वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता सकाळी चहा घेताना तुमची प्रयोगशाळा आठवत बसते. अमरावतीच्या कॉलेजामागची ती लांब खोली, ओल्या कोंड्याचा आंबूस वास. पसरट ट्रेमधल्या गव्हाच्या कोंड्यावर तुम्ही काळी बुरशी वाढवत होतात. तिच्यातून काढलेलं एन्झाइम संत्र्याच्या गढूळ रसात टाकलं की तासा-दोन तासांत रस निवळून आरपार दिसायचा. मोर्शीकडच्या एका रसाच्या कारखान्याला तेच हवं होतं. पण तुम्ही कारखानदाराला सांगितलंत, आधी तीन महिने उंदीर खातील, मग माणसं. एका पिंजऱ्यातल्या उंदरांना एन्झाइम घातलेला दाणा, दुसऱ्यातल्यांना साधा. दर सोमवारी वजन करायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे माझं काम.

वलगावच्या शेतमजुराची मी मुलगी, घरातली पहिली शिकलेली. प्रयोग चालेल तोवरच माझी नोकरी होती. दहाव्या आठवड्यात एन्झाइमच्या पिंजऱ्यातले उंदीर दाणा न खाता टाकू लागले, आणि एका सकाळी त्यातला एक मेलेला सापडला. मृगाच्या बहाराची संत्री उतरायला आली होती, कारखानदार आठवड्याआड येऊन विचारत होता. मी उंदीर कागदात गुंडाळून मागच्या निंबाखाली पुरला आणि रजिस्टरात लिहिलं, ‘एक उंदीर पळाला.’

दुपारी तुम्ही रजिस्टर उघडता. पिंजऱ्याजवळ जाता, कडी हलवून बघता. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या तुम्ही रागावलात की वऱ्हाडीवर यायचात.

“कडी तं लागून हाये. मंग उंदीर गेला कुठून?”

मी रडायला लागले आणि उंदीर कुठे पुरला ते सांगितलं. तुम्ही आवाज चढवला नाही, मला निंबाखाली नेलंत आणि खुरपं हातात दिलंत. खोलीत परतल्यावर मी ती ओळ रबरानं खोडायला गेले, तर तुम्ही माझा हात धरलात.

“खोडू नको. एक रेघ मार, खाली खरं लिही, अन् सही कर. काहून खोटं लिहिलं तेही लिही.”

मी लिहिलं, ‘नोकरी जाईल म्हणून.’ तुम्ही ते वाचलंत. संध्याकाळी घरी नेऊन तुमच्या स्वयंपाकघरात मला पाटावर बसवलंत आणि तव्यावरची गरम भाकरी वाढलीत. तोवर तुमच्या घरात मी ओसरीच्या आत आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आपण बाटलीत उंदीर घेऊन अकोल्याला गेलो. तिथले वृद्ध जनावरांचे डॉक्टर, तुमचे जुने स्नेही, उंदीर चिरून भिंगाखाली बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “बाई, इसका जिगर खराब है.” यकृत बिघडलंय हे कळल्यावर तुम्ही त्याच दिवशी कारखानदाराला नकार कळवलात. तो येऊन खूप बोलला, हंगाम बुडाला म्हणाला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि उरलेलं एन्झाइम त्याच्यासमोर ओतून दिलंत. पुढे कळलं की पावसाळ्यात एक पोतं भिजलं होतं आणि त्या कोंड्यावर आपल्या काळ्या बुरशीशेजारी दुसरीच, हिरवट पिवळी विषारी बुरशी वाढली होती. आपण नवीन कोंडा आणला, तो वाफवून घेतला, पहिल्या दिवसापासून पुन्हा मोजायला लागलो. त्या वेळचे सगळे उंदीर तीन महिने धडधाकट राहिले. पुढच्या बहाराला रस निवळला, आणि पहिला पेला तुम्ही प्यायलात.

मला काढलं नाहीत. उलट अकोल्याच्या नोकरीसाठी शिफारस तुम्हीच लिहिलीत, आणि तिच्यात ‘रजिस्टर विश्वासानं लिहिते’ असं वाक्य घातलंत. ते वाचून मला कितीतरी दिवस तुमच्यासमोर येववलं नाही. मग तुम्हीच गेलात.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, ते मला ठाऊक नाही. पण एक सांगायचं राहिलंय. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला मी ही गोष्ट सांगितली, कडी, निंब, ती एक रेघ, सगळं. फक्त दर वेळी सुरुवात अशी केली, “आमच्या बाईंकडे एक मुलगी होती.”