सांता क्लाराच्या लायब्ररीत सेल्जुक

बाबा, २००१ साली तुम्ही सहा महिने आमच्याकडे सांता क्लाराला राहायला आलात आणि त्याच दिवसांत माझी नोकरी गेली. घरी मी सांगितलंच नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचो आणि मोठ्या लायब्ररीत जाऊन बसायचो. रेझ्युमे पाठवायचे, व्हिसाची काळजी करायची. नागपूरच्या शाळेत तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात आणि रिटायर झाल्यावर मध्य आशियातल्या तुर्कांनी तुम्हाला झपाटलं. घराजवळच्या छोट्या लायब्ररीत हवं ते पुस्तक मिळेना, म्हणून एका सकाळी तुमच्या सुनेनं तुम्हाला मोठ्या लायब्ररीत सोडलं. मी मान वर करतो तर तुम्ही समोर उभे. काखेत जाडजूड पुस्तक, नजर माझ्या डब्यावर.

"सुट्टी आहे?"

"ले-ऑफ झालं, बाबा. अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस ती पोर उठून तुझा डबा करतेय," एवढंच म्हणालात. मला वाटलं, आता निघून जाल. पण तुम्ही खुर्ची ओढलीत, पुस्तक उघडलंत आणि वर्गात सांगावी तशी सेल्जुक नावाच्या तुर्क सरदाराची गोष्ट सांगायला लागलात.

बाप गेला तेव्हा त्याला जेमतेम मिसरूड फुटलेलं. राजानं त्याला सेनापती केलं, शेजारी बसवलं. राणीला ते खुपलं. आज इथे बसतो, उद्या सिंहासनावर बसेल, असं तिनं राजाच्या कानात भरवलं. सेल्जुकाला सुगावा लागला. शंभरेक स्वार, बायकापोरं, उंट, मेंढ्या घेऊन तो निघाला आणि सीर नदीकडच्या जंद नावाच्या परक्या गावी थांबला. तिथला धर्म त्यानं आपला केला. जुन्या राजाची माणसं खंडणी मागायला आली, त्यांना हाकलून लावलं. एक मुलगा लढाईत पडला. त्याची पोरकी मुलं म्हाताऱ्या सेल्जुकानं वाढवली.

"शंभरी ओलांडून गेला म्हणतात, तिथेच. पुढे त्या नातवांनी इराण जिंकलं, बगदादपर्यंत पोचले. ह्यानं त्यातलं काही पाहिलं नाही रे! पण घराण्याला नाव ह्याचं." तुमचे डोळे भरून आलेले. हजार वर्षांपूर्वीच्या माणसापुढे कुणी असं नतमस्तक झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"जंदला पोचल्यावर त्यानं पहिल्यांदा काय केलं असेल?" मी विचारलं.

"काय करणार? बायकोला म्हणाला असेल, आता इथे चूल मांड." तुम्ही माझा फोन माझ्याकडे सरकवलात. "लाव."

बाहेर जाऊन मी घरी लावला. ती रडली, चिडली, मग म्हणाली, "दोघंही घरी या."

पुढे ओहायोतल्या डब्लिनला नोकरी मिळाली. आम्ही कारनं निघालो. वाळवंट, डोंगर, मग बर्फ, आणि तुम्ही पुढच्या सीटवर नकाशा मांडीवर घेऊन. "मेंढ्या असत्या तर किती दिवस लागले असते रे?" विचारताना तुमचा चेहरा असा उजळला होता, की मीही त्या सरळसोट रस्त्याकडे पहिल्यांदाच न घाबरता पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात नागपुरात तुम्ही देवाघरी गेलात.

हे लिहून मी खणात ठेवीन. पण एक कबूल करतो. त्या दिवशी गोष्ट मी पुरती ऐकलीच नव्हती. तुमचा आवाज लायब्ररीत फार मोठा वाटत होता आणि ओळखीचं कुणी बघत तर नाही ना, एवढंच मी पाहत होतो. तुम्ही गेल्यावर तेच पुस्तक इथल्या लायब्ररीतून आणून मी ती गोष्ट वाचून काढली.