फणस तोडायला माणसं येतील

शुभंकर,

मी सकाळच्या एसटीने हेदवीला तुझ्या आत्याकडे जातोय, संध्याकाळी परत येईन. नऊ वाजता फणस तोडायला माणसं येतील. मी हो म्हटलंय. फोन करून पुन्हा विचारू नकोस.

स्लॅबवर दुपारपर्यंत फणसाची सावली पडते, तिथे सोलर बसवून उपयोग नाही, हे तू दोन वर्षं सांगत होतास. मीच अडून बसलो. मग मे महिन्यातल्या वादळात तीन दिवस लाइट गेली, आईचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं आणि तू सिलिंडर शोधत चिपळूणपर्यंत धावलास. तीन दिवस ती भिंतीला टेकून बसून होती, आडवं होता येत नव्हतं. चाळीस वर्षं तिने चुलीचा धूर गिळला आणि मी झाडाचा विचार करत बसलो. चुकलं माझं.

रोप तिनेच माहेरून आणलेलं, म्हणून काल तिलाच विचारलं. म्हणाली, "फणसाला दम लागत नाही, मला लागतो. तोडून टाका."

तोडताना तिच्या खोलीची खिडकी लावून घे, भुसा उडेल. ऋतिकाला आजीजवळ बसू दे. मोठी फांदी परसाच्या बाजूला पाडायला सांग, नाहीतर गोठ्याचे पत्रे जातील.

मला तिथे उभं राहवणार नाही. जातोय हे तिला सांगितलेलं नाही. "पळाले ना हे?" असं ती विचारेल. हो म्हण.

बाबा