काचेवरची ताई

अकोला, ८ जाने. १९६१
ताईच्या मानेतली गाठ परत आली. नागपूरला किरणांचा शेक घेतल्यावर हाताला लागतसुद्धा नव्हती. आता लिंबाएवढी. ताई म्हणाली, "दिगू, तू तं कॉलेजात जीवशास्त्र शिकवतं. जाळलेलं परत कसं येते?"
"वाचून सांगतो," म्हणालो.

अमरावती, १४ जाने.
कॉलेजच्या लायब्ररीत परदेशी लेख सापडला. गाठ वाढते तशा आतल्या पेशी रक्तवाहिनीपासून लांब पडतात. प्राणवायू पोचत नाही, मरतात. पण मेलेल्या आणि धडधाकट यांच्यामध्ये एक थर उरतो. अर्धपोटी, तरी जिवंत. किरणांचा मारा बराचसा प्राणवायूच्याच जोरावर. त्याच्यामुळे पेशीत जहर तयार होतं, घाव पक्का होतो. जिथे प्राणवायूच तोकडा, तिथे घाव कच्चा. या अर्धपोटी पेशी तगतात. शेजारच्या मेल्या की यांना हवा मिळते, आणि मग...
परत येताना सायकलवर शीळ घालत होतो. राजापेठेत ध्यानात आलं, गाठ ताईची आहे. उतरून चालत घरी.

अकोला, २१ जाने.
डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढला होता. ओळखीने त्याची काच दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाली. हुबेहूब लेखातल्यासारखं! वाहिनीभोवती दाट पेशी, मग विरळ, पलीकडे राखेसारखं मेलेलं.
"वा! काय सुंदर!" तोंडून निघून गेलं.
मागे भाऊजी उभे. "बरं हाये ना मंग?" चेहरा एकदम उजळला. मी "पाहतो" म्हणालो. नाही म्हणायला काय झालं होतं?
ते ताईला सांगायला पुढे निघून गेले. मी घरी पोचलो तर ताईने शिरा केलेला. जड मानेने, भिंतीला टेकून वाढत होती.
खाल्ला.

अमरावती, २३ जाने.
खरं काय ते न सांगताच निघून आलो. वर्गात मन नाही. तो शिरा पुन्हा मागून घेतला होता मी. ती खूश व्हावी म्हणून, असं स्वतःला सांगतोय.

अकोला, २९ जाने.
सगळं सांगितलं, शेकातून तगलेल्या पेशींचंही. भाऊजी उठून गोठ्यात गेले.
ताई: "तं तवा सुंदर काहून म्हनलं तू?"
"दिसायला तसं होतं." खरं तेवढंच.
तिने पदर खोचला. मग, "मले बी दाखव. माझंच हाये ना ते."
गोठ्यातून भाऊजी ओरडले, "काई गरज नाई!"

अकोला, ५ फेब्रु.
डॉक्टर दाखवायला तयार झाले. भाऊजी आले, पण माझ्याशी बोलत नाहीत.
ताईची मान वळेना, म्हणून सूक्ष्मदर्शक तिरका केला. एक डोळा मिटता येईना, तो तळहाताने झाकला.
"यातलं जित्तं कोनतं?"
दाखवलं. तिने खूप वेळ पाहिलं. मला वाटलं, रडते आहे. रडत नव्हती.
"हवा नाई, पोटाले नाई, तरी..."
डॉक्टर म्हणाले, पुन्हा शेक देता येईल. त्रास जास्त, भरवसा कमी. तुम्ही ठरवा.
बाहेर पायरीवर ताई थांबली. "घेऊ का मी शेक?"
मी भाऊजींकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते.
"त्यायच्याकडे नको पाहू, दिगू. तुले इचारून राहिली मी."