मेट्ट तामर आणि फाटकाची कडी

मी, अडबाला मंगतायारु, कै. अडबाला वीरराघवुलु यांची पत्नी, वय ६८, राहणार कालव्याकाठची गल्ली, मंडपेट, जिल्हा पूर्व गोदावरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. काकिनाड्याच्या डॉक्टरांनी माझ्या हृदयाची झडप ढिली असल्याचे सांगितले आहे. डोके घट्ट आहे, याची खात्री वकील भास्कररामय्यागारूंनी तासभर उलटसुलट प्रश्न विचारून करून घेतली. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. तो कधी नव्हताच, असे माझे यजमान सांगत असत.

कलम १. राहते घर मुलगा फणींद्र यास द्यावे. अट एकच. न्हाणीच्या मोरीपासून फाटकापर्यंतची जी सव्वा दोन हात रुंद पट्टी आहे, ती त्याने सिमेंटने बुजवू नये. मागच्या संक्रांतीला तो म्हणाला, "अम्मा, ही झाडं काढली तर गाडी थेट आत येईल." गाडीला पाय नाहीत पण चाके आहेत, ती गल्लीत उभी राहू शकते. झाडांना कुठे जाता येत नाही. पट्टी बुजवल्यास घर मुलगी सूर्यकला हिचे व्हावे.

कलम २. माझे दागिने, पूजेचे पितळी ताट आणि आवकायच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, दोन्ही बरण्या सूर्यकलेला द्याव्यात. मोठ्या बरणीला तळाशी चीर आहे. ती मीच पाडली आणि आळ मांजरावर घातला, हे आता सांगायला हरकत नाही.

कलम ३. या दस्तात जेथे तामर असे येईल तेथे कमळ समजावे, आणि जेथे मेट्ट तामर असे येईल तेथे कोरड्या जमिनीवरचे कमळ, म्हणजे कर्दळ समजावी. हा खुलासा सन १९७० मध्ये कोणी करून दिला असता तर पुढचे काहीच घडले नसते.

त्या वर्षी या घरातले माझे पहिले वरलक्ष्मी व्रत, श्रावणातल्या शुक्रवारचे, होते. सासूबाईंनी यजमानांना तामर आणायला पाठवले. ते सायकलने कडियमच्या रोपवाटिकेत गेले. रोपवाल्याने विचारले, "मेट्ट तामर ना?" यांना वाटले, पाणी न लागणारे कमळ म्हणजे टिकाऊ जात असणार. आले ते गोणपाटात गाठाळ कंद घेऊन.

सासूबाई म्हणाल्या, "वीरा, लक्ष्मीला कमळ हवं होतं रे. तू तिला आलं घेऊन आलास होय?"

गल्ली आठवडाभर हसली. यजमान दोन दिवस नीट जेवले नाहीत. मला त्यांची दया आली, म्हणून ते कंद मी मोरीच्या पाण्यावर लावले. पुढच्या श्रावणात तिथे लालभडक फुले आली. सासूबाईंनी ती स्वतः तोडली आणि देवीला वाहिली. तेव्हापासून आमच्या घरची लक्ष्मी मेट्ट तामरच घेते. तिने आजवर तक्रार केलेली नाही. त्या रोपवाल्याला मी क्षमा करते, उलट आभारच मानते.

कलम ४. यजमानांची पहार आणि खुरपे फणींद्रला द्यावे. त्याला ते हातात धरता येत नसल्यास शिकावे. फुलून झालेला दांडा बुडाशी कापावा. पाने गुंडाळून आत बसणारी अळी सकाळी हाताने वेचावी, औषध मारू नये. दर तिसऱ्या वर्षी कंद उपटून वेगळे करावेत, नाहीतर एकमेकांना ढकलून सगळेच उपाशी मरतात. भावाभावांचेही तसेच आहे, म्हणून आम्ही १९९८ साली वाटणी केली.

कलम ५. हे कलम लिहू नका, असे वकिलांचे मत आहे. "अम्मा, मृत्युपत्रात एवढं बोलायचं नसतं." मी म्हटले, "मग मेल्यावर कोण बोलू देणार आहे?"

वाटणीत अंगणाच्या मधोमध भिंत आली आणि सगळी मेट्ट तामर आमच्या बाजूला राहिली. माझी धाकटी जाऊ नूकरत्नम चार वडीलधाऱ्यांसमोर म्हणाली, "अक्का, घर वाटलं, विहीर वाटली. फुलं तेवढी तुमचीच का?" मी म्हणाले, "नेऊन काय करणार? तुझ्या हाताला काही रुजत नाही."

मी झाडांविषयी बोलत होते. पण रत्नमला मूल नव्हते. तिची दोन बाळंतपणे वाया गेली होती आणि दोन्ही वेळा तिच्या उशाशी मीच बसले होते. शब्द तोंडातून सुटला तेव्हाच मला कळले. मी तो मागे घेतला नाही. माणसे बघत होती आणि माझे नाक फार वर होते. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोललेली नाही. चूक माझी होती. हे मी एकोणीस वर्षे कोणापाशी कबूल केले नव्हते, ते येथे करते.

कलम ६. सासूबाई म्हणत, दिलेलं रोप रुसतं, चोरलेलं रुजतं. वाटणीनंतरच्या पहिल्या श्रावणात, व्रताच्या आधीच्या बुधवारी, मी दुपारी ओसरीतल्या खाटेवर पडले होते. रत्नम फाटकातून आली आणि एक कंद उपटून पदराखाली घेऊन गेली. मला ओरडायचे होते, पण मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वर्षी संतापून फाटकाला कुलूप लावले, आणि व्रताचा सगळा दिवस मला घास गोड लागला नाही. तिसऱ्या वर्षी कुलूप काढले आणि कडीही सरकवून ठेवली. ती आली. तेव्हापासून एकही श्रावण चुकलेला नाही.

एकदा गच्चीवर सांडगे घालताना मी भिंतीपलीकडे पाहिले. तिच्या अंगणात मेट्ट तामर पुरुषभर वाढली होती, आमच्याहून दाट. तिला कंदांची गरज नव्हती. मग ती दरवर्षी येते कशाला, हे कळायला मला आणखी आठ वर्षे लागली. कळल्यावर मी खाटेवर पडून खूप रडले.

म्हणून माझी आज्ञा आहे की माझ्या जावेला एकही कंद देऊ नये. दिलेला रुसेल. व्रताच्या आधीच्या बुधवारी दुपारी फाटकाची कडी काढून ठेवावी, आणि घरात जो कोणी असेल त्याने ओसरीत डोळे मिटून पडावे. फणींद्र, तुला झोप येत नसेल तर सोंग घे.

कलम ७. वकील सांगतात की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. नूकरत्नमला मी काहीही दिलेले नाही. तेव्हा दुसऱ्या साक्षीदाराची जागा तिच्यासाठी ठेवावी. सहीपूर्वी हा दस्त तिला पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवावा. ती न आल्यास जागा दोन दिवस रिकामी ठेवावी, मग दुसरे कोणी पाहावे.

ठिकाण: मंडपेट. लिहिले दिनांक १२ जुलै २०१७, सह्या दिनांक १४ जुलै २०१७.

सही: अडबाला मंगतायारु

साक्षीदार १: कर्री सूर्यभास्करराव, निवृत्त पोस्टमास्तर

साक्षीदार २: अडबाला नूकरत्नम. सगळे वाचून ऐकले. अक्का झोपेचे सोंग घेते हे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. यंदा व्रताच्या आधीच्या बुधवारी तिने उठून बसावे, मी चहा घेऊन येते.